अप्पांचा उपास आणि माझे पाच बटाटे

बटाट्याला चव असते, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मोबाईलवर कळलं. तोपर्यंत मी बटाटा नुसता खात होतो. वड्यात खाल्ला, पुरीबरोबर खाल्ला, रश्श्यात सापडला तर नशीब समजून खाल्ला. पण तो कसा लागतो, असा विचार काही केला नव्हता. आणि एका दुपारी, पतसंस्थेत गिऱ्हाईक नसताना, पडद्यावर एक गोरा माणूस आला. समोर पाच उकडलेले बटाटे. डोळे मिटून एकेक चाखतोय आणि सांगतोय की हा लोण्यासारखा, हा अक्रोडासारखा, आणि ह्या तिसऱ्याला म्हणे ओल्या मातीची आठवण आहे. मी थक्क झालो. बटाटा खाऊन मला आजवर फक्त ॲसिडिटीच्या गोळीची आठवण झाली होती.

ही विद्या मी माझ्यापाशी ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नवीन कळलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. भाऊबीजेला आम्ही माझ्या बायकोच्या, म्हणजे स्नेहलच्या माहेरी पिंपरी पेंढारला गेलो होतो. तिचे वडील गेणभाऊ अंगणात बसून लागवडीसाठी बटाट्याचं बेणं निवडत होते. स्नेहल त्यांना अप्पा म्हणते, मी मामा म्हणतो. ह्या माणसाचा उभा जन्म बटाट्यात गेलेला. मी आपला खुर्ची ओढून जवळ बसलो आणि विचारलं, "मामा, ह्यात चवीला कुठला चांगला?"

"चवीला?" अप्पांनी मान वर केली.

"म्हणजे प्रत्येक जातीची चव वेगळी असते ना."

"पावणं," अप्पा म्हणाले, "बटाट्याला कसली आलीया चव? चव मिठाला असती."

अख्खं अंगण हसलं. मेव्हणा हसला, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, बेण्याची पोती उचलायला आलेला एक परका माणूस, ज्याची माझी ओळखही नव्हती, तोसुद्धा हसला. आता भाऊबीजेच्या दिवशी जावयाला सासुरवाडीत काही मान असतो की नाही? मी तिरीमिरीत बोलून गेलो, "मामा, मी परसात पाच जातींचे बटाटे लावून दाखवतो. शिवरात्रीला भीमाशंकरला येता ना, तेव्हा आमच्या घरी पाचही चाखा, आणि मग सांगा चव असते का नसते!"

हसणं एकदम बंद पडलं. सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला. स्नेहल माझ्याकडे बघतच राहिली.

कारण अप्पा आमच्या घरी काही खात नाहीत. पाणीही पीत नाहीत. राग नाही, भांडण नाही, रीत आहे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुन्या लोकांची रीत, आणि अप्पा रीतीला पक्के. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. नातवंड काही झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचे सल्ले तर अजून चालू आहेत. आम्ही दोघं आता त्यावर एकमेकांची चेष्टासुद्धा करू शकतो. पण अप्पांच्या बाटलीवर स्नेहल कधी हसलेली नाही.

ती बाटली अशी. दर शिवरात्रीला अप्पा भीमाशंकरचं दर्शन घेऊन परतताना शिनोलीला आमच्या दारात उतरतात, ओट्यावर बसतात, शेतातल्या मालाची पिशवी लेकीच्या हातात देतात, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पितात आणि पुढच्या गाडीनं जातात. एकदा स्नेहलनं त्यांची नजर चुकवून ती बाटली आमच्या माठातल्या पाण्यानं भरून ठेवली. अप्पांना कसं कळलं देव जाणे, पण त्यांनी ती गुपचूप आमच्या तुळशीला ओतली. चिडलेही नाहीत. त्या दिवशी स्नेहल संध्याकाळपर्यंत भांडी घासत होती. घासलेलीच.

तर माझ्या आव्हानावर अप्पा थोडा वेळ बेणं चाचपत राहिले आणि म्हणाले, "आधी उगवू तर द्या."

परत येताना स्नेहल गाडीवर मागे बसली होती. नारायणगावला म्हणाली, "तुम्ही अप्पांना आपल्या घरी खायला बोलावलंत."

"चाखायला बोलावलं."

"ते नाही म्हणाले नाहीत."

"हो तरी कुठं म्हणाले?"

"पण नाही म्हणाले नाहीत," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरचा हात तिनं जरा घट्ट केला. मला नुसता वाद जिंकायचा होता. आता ह्या बाईनं त्या बटाट्यांवर जीव टांगला होता.

मंचरच्या बाजारातून पुखराज आणि ज्योती ह्या नेहमीच्या दोन जाती आणल्या, ते सोपं गेलं. लाल सालीचा एका सहकाऱ्यानं दिला. बोटासारखा लांबट आणि आतबाहेर जांभळा, हे दोन मोबाईलवरून मागवले. पार्सल एवढं फिरत फिरत आलं की बटाट्यांना वाटेतच कोंब फुटले होते. परसात पाच सऱ्या पाडल्या, आणि कुंपणावर सल्लागार उगवले.

पहिले सोपानराव. आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते म्हणाले, "गोरखभाऊ, कोंबाचा डोळा वर करून लावा. डोळा खाली गेला तर झाड चीनमधी निघंल." दुसऱ्या ठकूबाई. समोरच राहतात. आमच्या आळीत कुठला उपास कसा धरायचा आणि कशावर सोडायचा, हे ठकूबाईंना विचारून ठरतं. त्यांचा अधिकार उपासापुरता आहे, पण त्या तो बटाट्यापर्यंत वाढवतात. त्या म्हणाल्या, "डोळा खालीच पायजे. पोटातलं पोरबी डोकं खाली करूनच येतंय." मग सोपानराव म्हणाले राख टाका, ठकूबाई म्हणाल्या राखेनं बटाटा जळतो, ताक शिंपडा. मी कोणालाच दुखवू शकत नाही. निम्मे डोळे वर, निम्मे खाली, एका बाजूला राख, दुसऱ्या बाजूला ताक. मध्ये स्नेहल उभी होती. ती म्हणाली, "अहो, ही कढी करताय का शेती?"

तरी पीक उगवलं. कोण वर बघत होतं आणि कोण खाली, हे बटाट्यांनी मनावर घेतलं नाही. प्रत्येक सरीला मी आइस्क्रीमच्या काडीवर नाव लिहून खोचलं आणि रोज सकाळी दात घासत त्यांची हजेरी घ्यायला लागलो.

पौषात पानांवर काळे डाग आले. सोपानराव म्हणाले करपा, ठकूबाई म्हणाल्या दृष्ट. मी पान घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, उगाच कोणाची बदली नको. तिथला माणूस फार सज्जन होता. त्यानं विचारलं, "गट नंबर?"

"गट नाही, प्लॉट आहे. घरामागची जागा."

"म्हणजे बिगरशेती?"

"हो."

"मग बिगरशेतीत बटाटा येत नाही."

"अहो, आलाय." मी पान पुढे केलं.

त्यानं पान निरखून बघितलं, पुन्हा कॉम्प्युटरकडे बघितलं आणि खऱ्या कळकळीनं म्हणाला, "आला असेल हो. पण येत नाही."

आपल्या परसात जे आहे ते नक्की काय, असा मलाच संशय यायला लागला. शेवटी मी घरी येऊन फवारणीही केली आणि मीठमोहऱ्याही ओवाळल्या. डाग थांबले. त्याचं श्रेय अजून दोन्ही कुंपणांवर वाटलं जातंय.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी काढणीला बसलो आणि बघतो तर काड्या गायब झालेल्या नव्हत्या, हललेल्या होत्या. लाल बटाट्यापाशी 'पुखराज', जांभळ्यापाशी 'ज्योती'. सोपानराव कुंपणावरून म्हणाले, "त्ये व्हय? तुमी हापिसात व्हता तवा म्या झाडांना मातीची भर लावली. काड्या आड येत व्हत्या, म्हून काढल्या आन परत खोचल्या."

"त्याच जागी?"

"जागी म्हंजे... एका रांगंला एक. कंडक्टर माणूस हाय मी, एका शीटवर दोघं बसवायचो न्हाई."

लाल, लांबट आणि जांभळा दिसण्यावरून ओळखता आले. पुखराज कुठला आणि ज्योती कुठली, ते त्या दोघांनाच माहीत. त्या संध्याकाळी मी पाचही प्रकार उकडले, मोबाईलवरच्या त्या गोऱ्यासारखे डोळे मिटले आणि एकेक चाखला. लोणी नाही, अक्रोड नाही, मातीची आठवण तर अजिबात नाही. पाचही बटाट्यासारखे लागले. मी घाबरून पुन्हा चाखले. पुन्हा बटाटाच. उद्या अप्पांसमोर माझं हसं होणार हे नक्की होतं, पण स्नेहल मागे उभी राहून विचारत होती, "जिऱ्याची फोडणी आवडेल का त्यांना? का नुसतं तूपमीठ ठेवू?" तिला काय सांगणार? म्हटलं, "छान लागतायत. ठेव जिरं."

शिवरात्रीला आमचा रस्ता सकाळपासून भरून वाहतो. जीपा, टेम्पो, पायी चालणारी माणसं. आमची आळी दरवर्षी रस्त्याकडेला मांडव घालून भाविकांना फराळ वाटते. मोठ्या पातेल्यात साबुदाण्याची खिचडी, दुसऱ्यात बटाट्याची भाजी, आणि पळी सोपानरावांच्या हातात, कारण गर्दीला रांगेत उभं करणं त्यांनाच जमतं.

दुपारी अप्पा आले. कपाळाला भस्म, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बाटली. पिशवी स्नेहलला दिली, ओट्यावर बसले, बाटली शेजारी ठेवली. "आना तुमचं बटाटं," मला म्हणाले. "बघू तरी."

मी कच्चे बटाटे पुढे मांडले. त्यांनी एकेक हातात घेतला, दाबला, नखानं साल काढून वास घेतला. जांभळ्यापाशी थांबले. "ह्यो काय शाई पिलाय?" मग मान हलवली. "पन पिकवलंय चांगलं. हातानं केलं?" मी हो म्हणालो. सासऱ्याकडून मिळालेला हा माझा पहिला गुण.

तेवढ्यात स्नेहल ताट घेऊन आली. जिऱ्याची फोडणी दिलेले पाच ढीग. ताट तिनं अप्पांसमोर धरलं. अप्पांनी ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "बघितलं की गं," ते हळू आवाजात म्हणाले, "चांगलं झालंय." आणि त्यांचा हात बाटलीकडे गेला. स्नेहल तशीच उभी राहिली. मला तिला सांगावंसं वाटलं, राहू दे, आत चल. पण ती हलायला तयार नव्हती.

आणि नेमक्या तेव्हाच ठकूबाई अंगणात आल्या. "अगं बया! ह्ये जांभळं काय गं ताटात?"

"बटाटाच आहे," मी म्हणालो.

"ह्ये उपासाला चालायचं न्हाई. वांग्याच्या रंगाचं हाय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बटाटे माझे, घाम माझा, त्यात उकडलेल्या बटाट्यानं केलेली निराशा ताजी. मी म्हणालो, "ठकूबाई, रंगाचं काय घेऊन बसलात? तसं बघितलं तर सगळेच बटाटे वांग्याच्या कुळातले. शास्त्रच सांगतं."

"सगळंच?"

"सगळेच. बटाटा, वांगं, टोमॅटो, मिरची. एकच घराणं."

"मिरचीबी?" ठकूबाई मटकन ओट्यावर बसल्या. "आवं, मग मी न्हानपनापासनं वांगं खाऊन उपास केलं का?"

बातमी माझ्या आधी मांडवात पोचली. सोपानराव हातात पळी घेऊन धावत आले, मागे चार बायका. "गोरखभाऊ, वाढू का नको? पब्लिक ताटल्या घिऊन उभं हाय!" मी म्हणालो वाढा. ठकूबाई म्हणाल्या थांबा, लोकांचे उपास मोडायचं पाप आळीला लागेल. सोपानरावांनी शंका फिटावी म्हणून मोबाईल काढला, आणि शंका फिटायच्या ऐवजी व्याली. "ह्यात लिवलंय, बटाटा फिरंगी लोकांनी जहाजातनं आणला."

"म्हंजे देवांच्या येळंला बटाटा नव्हताच?"

"साबुदाणाबी भायेरचाच हाय... शेंगदाणाबी... थांबा, मिरचीबी!"

"बंद करा तो मोबाईल!" मी ओरडलो. पण उशीर झाला होता. आमच्या आळीत उपासाला चालणारं म्हणून आता फक्त वरई आणि पाणी उरलं होतं. देवळातल्या गुरवाला फोन लावला. लागला, पण घंटांशिवाय काही ऐकू येईना. बायका एकमेकींना विचारायला लागल्या की मागच्या वर्षीच्या एकादश्यांचं काय, पोरीच्या सोळा सोमवारांचं काय, त्या सोमवारांनी मिळालेल्या जावयाचं काय. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसं काही बटाट्याला वांग्याच्या घरात मीच जन्माला घातलं.

शेवटी ठकूबाई अप्पांकडे वळल्या. "गेणभाऊ, तुमी आत्ताच देवाचं दर्शन घिऊन आलाय. वयानं थोर हाय, आन बटाट्यातच जलम गेलाय तुमचा. तुमीच सांगा. चालतो का न्हाई?"

स्नेहल ताट धरून उभीच होती. अप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. कितीतरी शिवरात्री त्यांनी ह्याच बटाट्यावर काढल्या होत्या. त्यांचंही सगळं पणाला लागलं होतं.

"हे बगा," ते अखेर म्हणाले, "उपासाचं खानं म्हंजे जेवान न्हाई. जीव धरायचा, दम काढायचा, येवढंच त्येचं काम. फराळाला कुनी आन्न म्हनत न्हाई. आन जे आन्नच न्हाई, त्यो वांग्याचा भाऊ असू द्या न्हाईतर मेव्हना, काय फरक पडतुया? वाढा बिनधास."

"हेच!" ठकूबाईंनी टाळी वाजवली. "फराळ म्हंजे आन्न न्हाई. मी तेच म्हनत व्हते!" त्या तसं मुळीच म्हणत नव्हत्या, पण कोणाला भांडायला वेळ होता? सोपानराव पळी उंचावून मांडवाकडे पळाले.

"अप्पा," स्नेहल म्हणाली.

अप्पांनी वर बघितलं.

"मग हे अन्न नाही ना?"

अप्पांचा बाटलीकडे चाललेला हात तिथंच थांबला. स्नेहलची नजर हलत नव्हती. "तुम्हीच म्हणालात आत्ता. सगळ्यांसमोर."

"म्हनले की," ठकूबाई म्हणाल्या. "मी ऐकलं."

अप्पा ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठतात, आता गाडीची वेळ झाली म्हणतात. मग त्यांनी हात पुढे केला, जांभळ्या ढिगातली एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चावली. अगदी त्या गोऱ्यासारखं.

मला राहवलं नाही. "मामा, कसा लागतो?"

"मीठ कमी हाय," अप्पा म्हणाले.

स्नेहल मीठ आणायला आत गेली आणि बाहेर येईना. मी मागे गेलो. ती स्वयंपाकघरात मिठाची बरणी छातीशी धरून उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि वर मला म्हणते, "अहो, मीठ सापडत नाहीये." मी तिच्या हातातली बरणी घेतली, ताटात मीठ नेऊन वाढलं. मला स्वतःलाही समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच पडलं.

अप्पांनी पाचही ढीग संपवले. "सगळं सारखंच लागतंय," त्यांनी निकाल दिला. "सांगितलं व्हतं, चव मिठाला असती." मग आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि गाडीला गेले. मी पैज साफ हरलो होतो, आणि आळीत मिठाई वाटावी असं मला वाटत होतं.

माझे उरलेले बटाटे आळीनं दोन दिवसांत चाखून संपवले. पुढच्या सोमवारी सकाळी मी पतसंस्थेत जायला निघालो, तर फाटकात अप्पा. शिवरात्र सोडून ते कधी येत नाहीत, म्हणून आम्ही दोघं घाबरलोच.

"घरी सगळे बरे ना, अप्पा?"

"बरे हायेत. आज सोमवार हाय. उपास हाय माझा."

"तुम्ही सोमवार कधीपासून धरायला लागलात?"

"ह्याच सोमवारपासनं," अप्पा म्हणाले आणि पहिल्यांदाच ओटा ओलांडून आत येऊन बसले.

स्नेहल स्वयंपाकघरात धावली. घरात बटाटे म्हणून फक्त शिवरात्रीला अप्पांनीच आणलेल्या पिशवीतले होते, पिंपरी पेंढारच्या त्यांच्या शेतातले. तिनं तेच चिरले, जिरं-तूप घातलं आणि ताट पुढे ठेवलं. अप्पांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"पावणं."

"काय मामा?"

"म्या हारलो. बटाट्याला चव असती. असला बटाटा आमच्या मातीत व्हत न्हाई. कंचा म्हनायचा ह्यो?"

मी तोंड उघडलं. अख्खं अंगण माझ्यावर हसलं होतं ती भाऊबीज डोळ्यांपुढे आली. अप्पांच्या मागून स्नेहलनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"काय सांगू मामा," मी म्हणालो, "काड्यांचा सगळा घोळ झालाय. नक्की कुठला ते मलाही कळत नाही."

"थोडं बेनं ठिवा मला. फुडच्या सोमवारी नेतो." त्यांनी ताट पुसून खाल्लं. "पोरी, पानी आन."

मी सवयीनं ओट्यावर त्यांची बाटली शोधायला गेलो. खांबामागे बघितलं, चपलांपाशी बघितलं. सापडेना.

"अहो, शोधू नका," स्नेहल आतून म्हणाली. "त्यांनी आणलेलीच नाही." आणि तिनं माठात तांब्या बुडवला.